वीज आणि गॅस, दोन्हींचे स्मार्ट मीटर एकदम बसणार आहेत. काय काय बघून घ्यावं?

सायली_क (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. आमच्याकडे विजेचा आणि पाइप गॅसचा असे दोन्ही मीटर बदलून स्मार्ट मीटर बसवणार असल्याचं पत्र आलंय. दोन्ही कामं एकाच दिवशी होणार. पत्रात फायदे भरपूर लिहिलेत. रीडिंग घ्यायला कुणी दारात येणार नाही, सरासरी बिल येणार नाही, रोजचा वापर मोबाइलवर दिसेल वगैरे. मला जे विचारायचंय ते मात्र त्यात कुठेच नाही.

सासूबाईंना रात्रभर ऑक्सिजन काँसन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं, विजेवर चालणारं यंत्र) लावावा लागतो. त्यामुळे पहिली काळजी ही की मीटर बदलताना वीज किती वेळ जाईल, आणि त्याहून मोठी ही की पुढे कधी कुणाला ऑफिसात बसून आमची वीज बंद करता येईल का. गॅसच्या मीटरचं तर मला काहीच कळत नाही. त्याला वीज कुठून मिळते? गॅसच्या पाइपाशेजारी वायर आणणार का? त्यात घरच्या ग्रुपवर रोज नवं काहीतरी येतंय: मीटर पेट घेतात, किरणं येतात, बिल दुप्पट होतं. ज्यांनी हे काम जवळून पाहिलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

रानजाई
वाचतेय. आमचाही नंबर लागणार आहे लवकरच.

मीटरवाला
सायलीताई, माझी नोकरी मीटर तपासणीच्या प्रयोगशाळेत झाली, म्हणून विजेपुरतं लिहितो. गॅसचं त्यातल्या माणसाने लिहावं.

मीटर दोन कामं करतो, मोजण्याचं आणि कळवण्याचं. मोजणारा भाग साध्या इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये असतो तसाच असतो. घरगुती मीटर बहुतेक एक टक्का अचूकतेच्या वर्गातला असतो, स्मार्ट असो वा नसो. नवं आहे ते कळवणं. दर पंधरा मिनिटांचा किंवा अर्ध्या तासाचा वापर तो आत साठवतो आणि ठरलेल्या वेळी पाठवतो. पाठवण्याची वाट प्रत्येक ठिकाणी वेगळी. कुठे आत मोबाइलचं सिम असतं, कुठे एक मीटर शेजारच्या मीटरकडे रेडिओने निरोप देतो आणि असं करत करत तो मुख्य केंद्रापर्यंत जातो, कुठे विजेच्या तारेतूनच माहिती जाते. इटलीत २००१ पासून पाच-सहा वर्षांत तीन कोटींच्या आसपास मीटर बसले, ते सगळे तारेतून माहिती पाठवणारे होते. म्हणजे हे तंत्र कालपरवाचं नाही. आपल्या देशाने २५ कोटी मीटरची योजना २०२१ मध्ये मंजूर केली, म्हणून आपल्याला ते नवं वाटतं.

आता तुमचा खरा प्रश्न. हो, बहुतेक घरगुती स्मार्ट मीटरमध्ये रिले, म्हणजे आतलं आपोआप चालणारं स्विच, असतो आणि त्याने दुरून पुरवठा बंद किंवा चालू करता येतो. यात आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. करता येतं म्हणजे केव्हाही करतील असं नाही, त्याला नियम आहेत, नोटीस आहे. पण तुमच्या घरात वैद्यकीय उपकरण आहे ही नोंद वीज कंपनीकडे आजच लेखी करून ठेवा, डॉक्टरांचं पत्र जोडून, आणि पोच घ्या. मीटर बसल्यावर करू म्हणून ठेवू नका. आधी वीज तोडायची म्हणजे माणूस दारात यायचा, त्याला घरातला आजारी माणूस दिसायचा, दोन शब्द बोलता यायचे. आता तो मधला माणूस गेला, म्हणून नोंद हवीच.

बदलायला लागणारा वेळ: एका फेजचा मीटर, वायरिंग धड, तर तासाच्या आत वीज परत येते. जुनं बोर्ड कुजलेलं निघालं, कट-आउट गरम होऊन काळा पडलेला निघाला, तर काम लांबतं. सासूबाईंसाठी ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर आणि तो कसा लावायचा हे माहीत असलेला माणूस, दोन्ही त्या वेळी घरात ठेवा. सकाळची पहिली वेळ मागून घ्या. काही अडलं तर दिवस हाताशी राहतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे शंभरातले नव्वद लोक करत नाहीत: जुना मीटर काढण्याआधी त्याच्या आकड्याचा फोटो काढा. फोटोत मीटरचा क्रमांक आणि आकडा दोन्ही एकत्र यायला हवेत. नवा मीटर बसल्यावर त्याचाही तसाच फोटो घ्या. नवा मीटर शून्यावरच असेल असं नाही, चाचणीत एखाद-दुसरं युनिट गेलेलं असतं. मग मीटर बदली अहवालावर हे दोन्ही आकडे लिहिलेत का ते बघा आणि मगच सही करा. मीटर बदलल्यावरचे जेवढे वाद आमच्याकडे यायचे त्यातले कितीतरी या एका आकड्यावर अडलेले असायचे. जुना मीटर भंगारात गेल्यावर तो आकडा कुणालाच सिद्ध करता येत नाही.

निरंजन७
काका, तुमचं सगळं मान्य, पण बिलाचं काय? आमच्या इमारतीत स्मार्ट मीटर बसल्यापासून माझं बिल दीडपट झालंय. घरात एकही नवी वस्तू आलेली नाही. शेजारीही तेच म्हणतात. मीटर पळतो हे सगळ्यांना दिसतंय, फक्त ऑफिसात मान्य करत नाहीत. अर्ज दिला तर ‘मीटर योग्य आहे’ असं एका ओळीचं उत्तर येतं. तपासला कधी, कुणी, कसा, काही नाही.

पाणवठा
निरंजन यांना +१. एका ओळीच्या उत्तरावर भागवतात, त्याने संशय वाढतोच.

मीटरवाला
निरंजन, एका ओळीच्या उत्तराबद्दलचा तुमचा राग रास्त आहे. तपासणी मागितली की तपासणीचा अहवाल मिळाला पाहिजे, कोणत्या भारावर किती टक्के चूक आली ते आकड्यांत. तो लेखी मागा.

पण मीटर पळतोय की नाही हे तुम्ही स्वतःही बरंचसं ताडून बघू शकता. मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो. त्याच्याजवळ १०००, १६०० किंवा ३२०० असा आकडा छापलेला असतो. ३२०० असेल तर दिवा तेवढ्या वेळा लुकलुकला की एक युनिट होतं. घरातलं सगळं बंद करा, फ्रिज आणि राउटरसुद्धा, आणि फक्त १००० वॉटचा हीटर सहा मिनिटं चालवा. ०.१ युनिट व्हायला हवं, म्हणजे ३२० लुकलुकी. साधारण सव्वा सेकंदाला एक याहून किंचित जलद. मोजताना डोळे थकतात, मोबाइलवर व्हिडिओ घ्या. व्होल्टेज कमीजास्त असलं तर हीटर नेमके १००० वॉट घेत नाही, म्हणून दहा टक्क्यांपर्यंतचा फरक सोडून द्या. दीडपट पळणारा मीटर या चाचणीत लपत नाही.

दुसरी चाचणी. मेन स्विच पूर्ण बंद करा आणि दिव्याकडे बघा. तरी लुकलुकत राहिला तर मीटर आणि मेन स्विचच्या मध्ये कुणाचा तरी भार जोडलेला आहे, किंवा तुमच्या न्यूट्रलमधून दुसऱ्याच कुणाचा करंट जातोय. काही मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्ही मोजतात आणि फरक आढळला तर जास्त असेल तो धरतात. चोरी पकडण्यासाठी ही सोय आहे. पण जुन्या इमारतींत दोन घरांचे न्यूट्रल कुठेतरी जोडून ठेवलेले असतात. जुन्या मीटरला त्याने फरक पडत नव्हता, नव्याला पडतो. यात वायरिंगचा दोष, भुर्दंड मात्र घरमालकाला.

जुना चकतीचा मीटर असेल तर आणखी एक कारण. वर्षानुवर्षांत बेअरिंग झिजतं, धूळ बसते, चकती जड फिरते. चार्जर, टीव्हीचा स्टँडबाय अशा बारीक भारावर तर ती हलतच नाही. नवा मीटर ते मोजतो. अर्थात याने दीडपट होत नाही.

मीटर कधीच चुकत नाही असं मी म्हणणार नाही. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाने २०१७ मध्ये इलेक्ट्रॉनिक मीटरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. डिमर (उजेड कमीजास्त करणारं बटण) लावलेले एलईडी आणि सीएफएल दिवे जोडल्यावर काही मीटरांनी खऱ्या वापरापेक्षा ५८२ टक्क्यांपर्यंत जास्त दाखवलं होतं, काहींनी ४६ टक्क्यांपर्यंत कमी. करंट मोजायला आत रोगोव्स्की कॉइल (तारेभोवतीचं वेटोळं) होती ते जास्त दाखवणारे, हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्र ओळखणारा) होता ते कमी दाखवणारे. ती परिस्थिती मुद्दाम टोकाची केली होती, घरात सहसा तशी नसते. पण तेव्हापासून मीटरच्या चाचणीत असा वाकडातिकडा करंटही हवा ही मागणी जोरात आली, आणि ती योग्यच होती.

चैत्रपालवी
सायली, गॅसचं मी लिहिते. मी गॅस जोडण्यांच्या सुरक्षा तपासणीत काम करते.

गॅस मीटरला घरातली वीज लागत नाही आणि पाइपाशेजारी वायरही येत नाही. आत बॅटरी असते, दहा वर्षांहून जास्त चालेल अशा बेताने दिलेली. ती पुरावी म्हणून मीटर बहुतेक वेळ झोपलेला असतो. अर्ध्या तासाने वगैरे जागा होतो, विजेच्या मीटरजवळच्या किंवा वेगळ्या संपर्क-पेटीला आकडा सांगतो, परत झोपतो. म्हणून विजेचा वापर पडद्यावर काही सेकंदांत बदलतो आणि गॅसचा मागाहून येतो. बिघाड समजून लोक तक्रारी करतात, पण ते तसंच असतं. म्हणूनच दोन मीटरांमधलं अंतर महत्त्वाचं. गॅसचा मीटर लांब, मध्ये जाड भिंती किंवा लोखंडी दार, तर निरोप पोचत नाही आणि रीडिंग पुन्हा हाताने द्यावं लागतं. कामाच्या दिवशी माणूस जाण्याआधी ‘दोन्ही मीटर एकमेकांना सापडले का’ हे त्याच्याकडून दाखवून घ्या.

मोजायची पद्धत दोन प्रकारची. जुनी म्हणजे आतल्या पडद्याच्या पिशव्या गॅसने भरतात, रिकाम्या होतात, त्या मोजायच्या. नवी ध्वनिलहरींची. प्रवाहाच्या दिशेने आवाज लवकर पोचतो, उलट दिशेने उशिरा, त्या फरकावरून वेग आणि वेगावरून घनमीटर. तिच्यात हलणारा भाग नाही, त्यामुळे झिजायला काही नाही.

मीटर घनमीटर मोजतो आणि काही ठिकाणी बिल किंवा ॲप युनिटमध्ये दाखवतं. घाबरू नका. एका घनमीटर नैसर्गिक गॅसमध्ये साधारण ११ युनिट (किलोवॉट-तास) ऊर्जा असते. घनमीटरला तापमान-दाबाच्या दुरुस्तीचा आकडा आणि उष्मांक (एका घनमीटरमधली ऊर्जा, मेगाज्यूलमध्ये) यांनी गुणून ३.६ ने भागतात. ब्रिटनमध्ये दुरुस्तीचा आकडा १.०२२६४ धरतात आणि उष्मांक ३९-४० मेगाज्यूलच्या आसपास असतो, करून बघा, ११ च्या थोडं वरच येतं. उष्मांक बिलावर छापलेला असतो.

आता सुरक्षेचं, ज्यासाठी खरं तर लिहायला बसले. मीटर काढण्याआधी आणि नवा बसवल्यावर, दोन्ही वेळा दाबाची चाचणी झालीच पाहिजे. गॅस बंद करून पाइपात दाब ठेवतात, काही मिनिटं मोजणीयंत्राकडे बघत थांबतात. दाब उतरला तर घरात कुठेतरी गळती आहे. मग पाइपातली हवा काढतात आणि प्रत्येक उपकरण स्वतः पेटवून बघतात. यातलं काहीही ‘नंतर तुम्हीच पेटवा’ म्हणून टाळत असेल तर त्याला थांबवा. हे चिकटपणाने मागायचं. साबणाच्या पाण्याने सांधे बघणं चांगलंच, पण ते दाबचाचणीच्या जागी चालत नाही.

स्मार्ट गॅस मीटरमध्ये झडप असते, विजेच्या रिलेसारखी. वीज परत येते तेव्हा फार तर दिवे लागतात. गॅस परत येतो तेव्हा एखादं बटण उघडं राहिलेलं असेल तर न पेटलेला गॅस खोलीत भरतो. म्हणून झडप एकदा बंद झाली की ती दुरून परस्पर उघडू नये, घरातल्या माणसाने मीटरपाशी जाऊन सगळी बटणं बंद आहेत ना बघून बटण दाबावं, अशी पद्धत ठेवतात. तुमच्या मीटरला ती आहे का विचारा आणि घरातल्या दोघा-तिघांना शिकवून ठेवा. सासूबाई एकट्या असतात तेव्हा जवळ कोण असतं, त्यालाही.

झडपेचा फायदाही मोठा आहे. जपानमध्ये गॅस मीटर भूकंपाचा धक्का ओळखतो. त्यांच्या मोजपट्टीवर पाच किंवा जास्त तीव्रतेचा धक्का बसला की गॅस आपोआप बंद होतो. प्रवाह अचानक वाढला, किंवा कमी प्रवाह अवाजवी वेळ चालू राहिला, तरी बंद. घरी परत सुरू करताना बटण दाबून तीन मिनिटं थांबायचं, तेवढ्यात मीटर गळती आहे का ते बघून घेतो. हे त्यांच्याकडे १९८० च्या दशकापासून आहे. आपण स्मार्ट मीटर म्हटलं की फक्त बिलाचं बोलतो. गॅसच्या बाबतीत आधी मागणी व्हायला हवी ती या सोयींची.

सायली_क (धागाकर्ती)
मीटरवाला काका, चैत्रपालवीताई, किती मनापासून लिहिलंत! वैद्यकीय नोंदीचा अर्ज आजच दिला, पोचही घेतली. डॉक्टरांनी पत्र लगेच दिलं. किरणांचं आणि आगीचं कुणी सांगाल का? नणंदेने त्यावरून फारच धसका घेतलाय.

डॉ_मुक्ता
किरणांबद्दल. मीटरमधल्या रेडिओलहरी मोबाइलच्याच जातीच्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये अशा लहरींना ‘शक्यता नाकारता येत नाही’ या २-ब गटात ठेवलं, त्याचा आधार कानाला लावून मोबाइल वापरण्याविषयीचे अभ्यास होते. मीटर क्षणभर पाठवतो आणि गप्प बसतो, तो भिंतीपलीकडे किंवा जिन्याखाली असतो, आणि अंतर वाढेल तशी तीव्रता झपाट्याने उतरते. उशाशी मोबाइल ठेवून झोपणाऱ्याने मीटरची भीती बाळगायचं कारण नाही. नणंदबाईंना सांगा की सासूबाईंच्या बाबतीत काळजी करायची तर ती वीज अखंड राहण्याची करावी.

मीटरवाला
आगीबद्दल. कळवणाऱ्या भागाने आग लागत नाही. लागते ती बहुतेक वेळा सैल स्क्रूमुळे. तार टर्मिनलमध्ये नीट बसली नाही की तिथे विरोध वाढतो, मोठा भार चालू झाला की सांधा तापतो, प्लॅस्टिक मऊ होतं, स्क्रू आणखी सैल होतो. ॲल्युमिनियमची तार असेल तर जास्तच. त्यामुळे काम चालू असताना दोन गोष्टी बघा: तार पुरेशी सोलून पूर्ण आत गेली का, आणि दोन्ही स्क्रू आवळले का. नंतर गीझर आणि एसी एकदम चालू असताना मीटरजवळ जळका वास, चुरचुर आवाज, दिवे थरथरणं असलं काही आढळलं तर लगेच कळवा. स्वतः झाकण उघडायचं नाही. सील तुटलं तर चोरीचा ठपका येतो, आणि आत मेन स्विचच्या आधीची जिवंत तार असते.

अनाहत
सगळे बिल आणि आगीवर बोलताहेत, मला खासगीपणावर लिहायचंय, कारण त्यावर मराठीत फार कमी लिहिलं जातं.

अर्ध्या तासाचा वापर म्हणजे घराची दिनचर्या. कधी उठता, घर कधी रिकामं असतं, गावाला कधी गेलात, रात्री कोण जागं असतं, सगळं त्या रेषेत दिसतं. माहिती सेकंदा-सेकंदाची असेल तर उपकरणंही ओळखता येतात. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या जॉर्ज हार्ट यांनी १९८० च्या दशकातच दाखवलं होतं की एकाच जागी मोजलेल्या विजेच्या चढउतारांवरून आत कोणतं यंत्र चालू-बंद झालं ते वेगळं काढता येतं. त्यांचा १९९२ चा शोधनिबंध आजही या विषयातला पाया मानतात. सायलीताईंच्या घरात रात्रभर एकसारखा चालणारा काँसन्ट्रेटर आहे, म्हणजे ‘या घरात आजारी माणूस आहे’ हे विजेच्या आकड्यांतून कळू शकतं. ही माहिती विमावाल्याच्या हाती गेली तर?

नेदरलँड्समध्ये हा मुद्दा इतका तापला की सक्तीने स्मार्ट मीटर बसवण्याचा कायदा तिथल्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये अडवला. पुढे ग्राहकाला नकाराचा हक्क देऊन कायदा आला. आणि तिथल्या मीटरला एक चांगली सोय आहे, पी-१ नावाचं जोडणीचं भोक. त्यातून घरमालक आपली बारीकसारीक माहिती स्वतःच्या घरातच वाचू शकतो, ती कंपनीकडे न जाता. ब्रिटनमध्येही किती बारकाईची माहिती कंपनीने घ्यावी यावर ग्राहकाला म्हणणं मांडता येतं. तेव्हा तीन प्रश्न लेखी विचारा: किती मिनिटांचा वापर साठवता, किती काळ ठेवता, आणि बाहेरच्या कुणाला देता का. उत्तर नाही आलं तरी तुम्ही विचारलं होतं याची नोंद राहते.

निरंजन७
अनाहत, मुद्दा पटला. विचार केला नव्हता या बाजूने.

काका, दोन्ही चाचण्या केल्या. हीटरच्या चाचणीत लुकलुकी जवळजवळ हिशेबाप्रमाणे आली. मेन बंद केल्यावर दिवाही थांबला. मग जुनी बिलं काढून बसलो. मीटर बदलण्याआधीची सलग बरीच बिलं सरासरीवर दिलेली निघाली, आणि सरासरी हिवाळ्याची होती! उन्हाळ्यातला एसीचा वापर त्यात धरलाच नव्हता, तो फरक मीटर बदलताना एकरकमी आला. म्हणजे मीटर ठीक असेल, पण महिनोन्‌महिने अंदाजाने बिल देऊन नंतर एकदम वसुली करणं योग्य कसं? हप्ते मागणारा अर्ज दिलाय.

मीटरवाला
हप्ते मागा आणि फरकाचं महिनावार विभाजनही मागा. टप्प्याटप्प्याने दर चढत असतील तर सगळी युनिटं एकाच महिन्यात टाकल्याने वरचा दर लागतो. ती युनिटं ज्या त्या महिन्यात वाटून हिशेब झाला पाहिजे. यावर ठाम राहा.

पाणवठा
प्रीपेडविषयी कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. एकाच मीटरवर प्रीपेड आणि नंतर-बिल हे दोन्ही दुरून बदलता येतात. म्हाताऱ्या आईवडिलांच्या घरी प्रीपेड असेल तर रिचार्ज संपणं म्हणजे अंधार. ब्रिटनमध्ये थकबाकीदारांच्या घरी सक्तीने प्रीपेड मीटर बसवण्यावरून एवढा गदारोळ झाला की २०२३ च्या फेब्रुवारीत तिथल्या ऑफजेम या नियामकाने कंपन्यांना ते थांबवायला सांगितलं. आजारी माणसांच्या घरातली वीज आणि गॅस थंडीत बंद पडत होते. तेव्हा विचारून घ्या: शिल्लक संपली तर रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी वीज तोडत नाहीत ना, तातडीची उधारी किती मिळते, आणि शिल्लक कमी झाल्याचा निरोप एकाहून जास्त मोबाइलवर येतो का. आई-वडिलांच्या मीटरचा निरोप मुलांच्याही मोबाइलवर यायलाच हवा.

रानजाई
मला एक विचारायचंय. याने बचत खरंच होते का? जाहिरातीत तर फार सांगतात.

चैत्रपालवी
रानजाई, नुसता मीटर बसवून काहीच वाचत नाही. ब्रिटन सरकारने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घरात वापर दाखवणारा पडदा असलेल्या कुटुंबांची विजेत २.३ टक्के आणि गॅसमध्ये १.५ टक्के बचत दिसली होती. एवढंच. पण पडदा बघायची एक चांगली रीत आहे. रात्री सगळे झोपल्यावर किती वॉट चालू आहेत ते बघा. सतत चालणारे १०० वॉट म्हणजे वर्षाला ८७६ युनिटं. सेट-टॉप बॉक्स, जुना फ्रिज, गळका पंप, जे असेल ते रात्रीच पकडता येतं. गॅसचंही तसंच. रात्री सगळं बंद असताना आकडा पुढे सरकला तर तो बचतीचा प्रश्नच नाही, ती गळती आहे. ताबडतोब मुख्य कॉक बंद करा, खिडक्या उघडा, घरातल्या विजेच्या बटणांना हात लावू नका आणि बाहेर जाऊन फोन करा.

सायली_क (धागाकर्ती)
मंडळी, मीटर बसले. लिहिते काय काय झालं ते.

विजेचं काम सुरळीत झालं. दोन्ही फोटो घेतले, अहवालावर आकडे लिहून घेतले. तोवर सासूबाई सिलिंडरवर होत्या, माझे मिस्टर शेजारी बसून होते.

गॅसला मात्र वेळ लागला. जुना मीटर काढण्याआधीच्या चाचणीत दाब उतरायला लागला. चैत्रपालवीताई, तुमचं वाचलं नसतं तर ते काय करताहेत हेही मला कळलं नसतं. शोधल्यावर शेगडीमागच्या रबरी नळीला टोकाशी चीर सापडली. वास येत नव्हता, म्हणजे आम्हाला तरी कळला नव्हता. त्यांनी सांगितलं की नळी बदलल्याशिवाय गॅस सुरू करणार नाही, आणि मला ते अगदी योग्य वाटलं. नळी बदलली, पुन्हा चाचणी केली, मग नवा मीटर बसवून परत चाचणी, आणि शेगडी व गीझर त्यांनीच पेटवून दाखवला. सगळ्यांना कळकळीने सांगते, मीटर बदलायचा नसला तरी ती नळी एकदा बघा. आमची ओट्यामागे दडलेली होती, कुणाची नजरच जात नव्हती.

झडप परत उघडायचं बटण मी, मिस्टर आणि समोरच्या काकू अशा तिघांनी दाबून शिकून घेतलं. विजेचा वापर ॲपवर लगेच दिसला, गॅसचा दुसऱ्या दिवशी आला. अनाहत, तुमचे तीन प्रश्न ईमेलने पाठवलेत. पंधरा मिनिटांचा वापर साठवतात एवढं एकच उत्तर आलंय, बाकी दोन पुन्हा विचारलेत.

चैत्रपालवी
सायली, वाचून फार बरं वाटलं. रबरी नळीवर बदलण्याचं वर्ष छापलेलं असतं, नव्या नळीवरचं आत्ताच लिहून ठेव. आणि ती ओट्यामागे दाबून न ठेवता दिसेल अशी घ्यायला सांग.

रानजाई
आत्ता उठून आमची नळी बघितली. छापलेलं वर्ष उलटून गेलंय. उद्याच बदलते. काका, एक शेवटचं. आमच्या छतावर सौर पॅनल आहेत. नवा मीटर बसताना वेगळं काय बघू?

मीटरवाला
चकतीचा मीटर काही ठिकाणी पॅनलची वीज बाहेर जाताना उलटा फिरायचा आणि आकडा आपोआप वजा व्हायचा. स्मार्ट मीटर घेतलेली आणि दिलेली वीज वेगवेगळ्या खात्यांत लिहितो. तेव्हा फोटो एक नाही, दोन्ही आकड्यांचे घ्या. बटण दाबत गेलं की पडद्यावर ते एकामागून एक येतात. बसवणाऱ्याला विचारा की मीटर दुहेरी नोंदीसाठी लावून दिलाय का. तसा लावलेला नसेल तर काही मीटर तुम्ही बाहेर दिलेली वीजही घेतलेली म्हणून मोजतात. बसवल्या दिवशीच भर दुपारी, घरातला भार कमी ठेवून, बाहेर दिलेल्या विजेचा आकडा पुढे सरकतोय का ते बघा. सरकत नसेल तर त्याच दिवशी लेखी तक्रार द्या, पुढच्या बिलाची वाट बघू नका.